लाल देऊळ : बगदादचा सावकार, इंग्रजी मनोरा आणि मराठी नाव

आमच्या बीड जिल्ह्यात ‘ससून’ हा शब्द माहीत नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. दुखणे तालुक्याच्या दवाखान्यात आवरत नाही, अंबाजोगाईलाही हात टेकले जातात, तेव्हा घरातले कर्ते माणूस एवढेच म्हणते, “आता ससूनला न्यावं लागतंय.” आजार किती मोठा आहे, हे त्या एका शब्दावरून गावाला कळते. पण ससून म्हणजे कोण, हे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. कुणी म्हणते इंग्रज साहेब होता, कुणी म्हणते पारशी होता.

ससून इंग्रज नव्हता आणि पारशीही नव्हता. तो बगदादचा ज्यू होता. ज्या वर्षांत त्याच्या देणगीतून पुणे स्टेशनजवळ दवाखान्याची इमारत उभी राहत होती, त्याच वर्षांत पुण्याच्या लष्कर भागात त्याने आणखी एक इमारत बांधायला घेतली होती. दोन्हींचा दाता एक आणि दोन्हींचा वास्तुकारही एकच. पहिली सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरी मोलेदिना रस्त्यावर उभी आहे. तिचा लाल मनोरा दुरून पाहणारा तिला हमखास चर्च समजतो. ते चर्च नसून ज्यूंचे प्रार्थनास्थळ म्हणजे सिनेगॉग आहे. त्याचे नाव ‘ओहेल डेव्हिड’. पुणेकर मात्र त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात.

बगदादहून आलेल्या माणसाने इंग्रज अभियंत्याकडून विलायती घडणीचे सिनेगॉग बांधून घेतले आणि लोकांनी त्याला देऊळ म्हटले. या साध्या वाटणाऱ्या गोष्टीत एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा बराच इतिहास साठलेला आहे. तो उलगडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

बगदाद ते मुंबई

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादमध्ये झाला. त्यांचे घराणे तिथल्या ज्यू समाजात पहिल्या मानाचे होते. वडील सालेह हे समाजाचे ‘नासी’, म्हणजे प्रमुख, आणि तुर्की पाशांच्या खजिन्याचे कारभारी होते. पुढे दाऊद पाशाच्या कारकिर्दीत ज्यूंचा छळ सुरू झाला आणि या घराण्याला गाव सोडावे लागले. इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरात काही काळ काढून डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. एवढ्या वयात परमुलखात नवा व्यापार मांडणे सोपे नव्हते.

मुंबईत त्यांनी कापूस, सूत, कापड आणि अफू यांच्या व्यापारात जम बसवला. आठ मुलगे होते. त्यांना चीनपासून लंडनपर्यंत पेढ्यांवर बसवून त्यांनी व्यापाराचे जाळे विणले. १८५३ साली त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. पण सही त्यांनी हिब्रूतच केली. इंग्रजी त्यांना अवगत नव्हती. घरातली भाषा अरबी होती. मुलांनी पुढे कोट-पाटलोण घातली, पण थोरल्या ससूनांनी बगदादी झगा आणि पागोटे शेवटपर्यंत सोडले नाही. मुंबईच्या काळा घोडा भागातील डेव्हिड ससून वाचनालयात त्यांचा पुतळा आहे, तोही याच वेषात.

एक गोष्ट इथे झाकून ठेवता कामा नये. ज्या पैशातून दवाखाने, शाळा, वाचनालये आणि सिनेगॉग उभे राहिले, त्यातला मोठा वाटा अफूचा होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. तिने तिकडची घरेच्या घरे बुडाली. हा व्यापार एकट्या ससूनांचा नव्हता. मुंबईतले पारशी, गुजराती आणि इंग्रज व्यापारीही त्यात होते, आणि कंपनी सरकारचा महसूल तर त्यावरच पोसलेला होता. दानाची पाटी वाचताना पैशाची वाट विसरू नये आणि पैशाची वाट आठवताना आजही तिथे बरा होऊन घरी जाणारा रुग्ण विसरू नये. इतिहास वाचणाऱ्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात.

दुसरा मोठा पैसा कापसाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मँचेस्टरची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. वऱ्हाड, खानदेश आणि दख्खनच्या काळ्या रानातला कापूस बैलगाड्यांनी आणि नव्या रेल्वेने बंदराकडे धावू लागला. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. ससूनांची पेढी तरली. लाल देवळाचा पाया घातला गेला तो बरोबर या भरभराटीच्या मध्यावर, १८६३ साली. आपल्या शेतकऱ्याच्या कापसाचेही काही धागे त्या विटांत आहेत, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

पुण्यातच का?

पुणे तेव्हा दोन शहरांचे मिळून एक गाव होते. एक पेशव्यांच्या पेठांचे, दुसरे इंग्रजांच्या छावणीचे. पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर आणि त्यांचे सरकार पुण्याला मुक्काम हलवीत. मागोमाग बडे व्यापारीही येत. १८६३ साली भोर घाटातला रेल्वेमार्ग पुरा झाला आणि मुंबई-पुणे प्रवास थेट गाडीने होऊ लागला. ससून कुटुंबाचा पावसाळ्यातला मुक्काम पुण्यात असे. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, धर्मनिष्ठ ज्यू वाहनात बसत नाही. प्रार्थनेला पायी जावे लागते. तेव्हा राहत्या भागात सिनेगॉग असणे ही श्रीमंतीची हौस नव्हती, ती धर्माची गरज होती.

९ ऑक्टोबर १८६३ रोजी डेव्हिड ससून यांच्या हस्ते पाया घातला गेला. काम सोपवले होते हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याकडे. मुंबईतले जुने सचिवालय पुढे याच विल्किन्सने उभारले. ससून रुग्णालयही त्याचेच. एकाच हाताच्या या इमारती जवळजवळ ठेवून पाहिल्या, तर त्यांचे गोत्र एक आहे हे जाणवते. टोकदार कमानी, उंच निमुळत्या खिडक्या, उतरती छपरे आणि कोपऱ्यावर किंवा दर्शनी भागी मनोरा.

इमारत पूर्ण झालेली पाहणे डेव्हिड ससून यांच्या नशिबी नव्हते. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन याच आवारात झाले. सिनेगॉगच्या शेजारी त्यांची छोटेखानी, नक्षीदार समाधीची वास्तू आहे आणि थडग्यावर हिब्रू मजकूर कोरलेला आहे. मुलांनी बांधकाम तडीला नेले. २९ सप्टेंबर १८६७ रोजी सिनेगॉगची प्रतिष्ठापना झाली. हा दिवस सहज म्हणून निवडलेला नव्हता, असे मला वाटते. त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर ज्यू नववर्ष सुरू होत होते. कोकणातले ज्यू या सणाला मराठीत ‘नव्याचा सण’ म्हणतात. नव्या वर्षाची पहिली प्रार्थना नव्या वास्तूत व्हावी, हा हिशेब त्यामागे असणार.

‘ओहेल डेव्हिड’ या हिब्रू नावाचा अर्थ ‘डेव्हिडचा तंबू’. वाळवंटातल्या प्रवासात ज्यूंचे पहिले प्रार्थनास्थळ एक तंबूच होते, त्याची ती आठवण. शिवाय दाता डेव्हिड आणि प्राचीन राजाही डेव्हिड, असा दुहेरी अर्थ त्या नावात आहे. नाव तंबूचे आणि वास्तू नव्वद फूट उंच मनोऱ्याची.

बाहेरचे रूप

वास्तू लाल विटांची आहे. कोपरे, कमानी आणि पट्टे दख्खनच्या काळ्या दगडाचे. हा तोच दगड, ज्यातून आमच्या बीडचे कंकालेश्वर घडले आणि ज्यातून दौलताबादचे बुरूज चढले. विटेचा लाल आणि दगडाचा करडा-काळा रंग शेजारी आला की दोन्ही उठून दिसतात. ‘लाल देऊळ’ हे नाव पडायला ही वीट कारणीभूत झाली. दर्शनी भागावरचा मनोरा वर निमुळता होत जातो. त्यात घड्याळ बसवले आहे, ते लंडनहून आणलेले.

घड्याळाचा हा मनोरा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. ज्यू धर्माला मनोऱ्याची गरज नाही. चर्चला घंटेसाठी मनोरा लागतो, मशिदीला अजानसाठी मिनार लागतो. सिनेगॉगमध्ये माणसांना बोलावण्यासाठी घंटा नसते आणि बांगही नसते. प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या असतात, माणसे आपापली येतात. मग नव्वद फुटांचा मनोरा कशासाठी? याचे उत्तर धर्मात शोधून मिळत नाही, ते त्या काळात मिळते. मनोरा छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्याला दिसण्यासाठी होता. आम्ही तुमच्यातले आहोत, तुमच्या राज्यातले मानाचे नागरिक आहोत, हे सांगण्यासाठी होता. तासातासाला वेळ दाखवणारे घड्याळ ज्यू, ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळ्यांच्या उपयोगाचे. त्यामुळे मनोरा गावालाही आपला वाटावा, ही सोय त्यात होती.

याच सुमारास युरोपात काय चालले होते, हे पाहिले म्हणजे पुण्याच्या या वास्तूचा नवलविशेष कळतो. युरोपातल्या ज्यूंना शतकानुशतके वेगळ्या वस्त्यांत राहावे लागले. अनेक शहरांत सिनेगॉग चर्चपेक्षा उंच बांधायला मनाई होती. प्रागचे ‘जुने-नवे’ सिनेगॉग तेराव्या शतकातले. ते गॉथिक शैलीत आहे. पण त्याच्या छताच्या कमानींना चारऐवजी पाच फासळ्या आहेत. क्रुसाचा आकार दिसू नये म्हणून पाचवी फासळी घातली, असे परंपरेने सांगतात. एकोणिसाव्या शतकात बंधने सैल झाली, ज्यूंना नागरी हक्क मिळू लागले आणि मोठमोठी सिनेगॉग उभी राहू लागली. तेव्हा प्रश्न पडला, शैली कोणती घ्यायची? गॉथिक घ्यावी तर ती चर्चची. स्वतःची म्हणावी अशी शैली हाताशी नाही.

पुष्कळांनी उत्तर शोधले ते मूरिश शैलीत. मुस्लिम अमलाखालच्या स्पेनमध्ये ज्यू विद्येला बहर आला होता, त्याची आठवण म्हणून. बुडापेस्टचे दोहानी रस्त्यावरचे सिनेगॉग १८५९ साली पुरे झाले. युरोपातले हे सर्वांत मोठे सिनेगॉग. वास्तुकार लुडविग फोर्स्टर. दोन उंच मनोरे, वर कांद्याच्या आकाराचे घुमट. बर्लिनचे ओरानियनबुर्गर रस्त्यावरचे ‘नवे सिनेगॉग’ १८६६ साली सुरू झाले. त्याचा सोनेरी नक्षीचा घुमट पाहणाऱ्याला ग्रानादाचा अल्हाम्ब्रा आठवावा, अशी योजना होती. हे सगळ्यांना पसंत होते असे नाही. हानोवरचे सिनेगॉग बांधणारा ज्यू वास्तुकार एडविन ओप्लर याचे म्हणणे उलटे होते. जर्मनीतल्या ज्यूने जर्मन शैलीतच बांधले पाहिजे, पूर्वेकडचा पेहराव चढवू नये.

आता गंमत अशी की, पिढ्यान्‌पिढ्या युरोपात राहिलेले बर्लिनचे आणि बुडापेस्टचे ज्यू आपल्या वास्तूला पूर्वेचा साज चढवीत होते. आणि त्याच दशकात खुद्द पूर्वेहून आलेला, अरबी बोलणारा, बगदादी झगा घालणारा ज्यू पुण्यात इंग्रजी गॉथिक बांधीत होता. बर्लिनच्या ज्यूला ख्रिस्ती शेजाऱ्यापेक्षा वेगळे दिसायचे होते, म्हणून गॉथिक नकोसे होते. पुण्यातल्या ससूनांना तशी अडचण नव्हती. इथे चर्च हे शेजाऱ्याचे देवघर नव्हते, ते राज्यकर्त्याचे होते. त्याच्यासारखे दिसण्यात कमीपणा नव्हता, उलट मान होता. तेव्हा वास्तूचे बाहेरचे रूप बांधणाऱ्याचा धर्म सांगत नाही. तो कोणाच्या नजरेत भरू पाहतो, ते सांगते.

आतले रूप

बाहेरून कसेही असले तरी आत गेल्यावर सिनेगॉग हे सिनेगॉगच असते. त्याला लागणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. पहिली ‘हेखाल’, म्हणजे तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याची पवित्र जागा. ओहेल डेव्हिडमध्ये मूर्ती नाही, तसबीर नाही. सगळा मान या गुंडाळ्यांना. चामड्यावर हाताने लिहिलेल्या या गुंडाळ्या बगदादी पद्धतीत उभ्या, टणक डब्यात ठेवतात. हे डबे लाकडाचे, वरून चांदीने मढवलेले असतात. युरोपातले ज्यू त्यांना कापडी आच्छादन घालतात. गॉथिक कमानीखाली चांदीचा बगदादी डबा दिसला की वास्तूचा मालक कोण हे तिथे कळते.

दुसरी गोष्ट ‘तेबा’, म्हणजे दालनाच्या मध्यभागी असलेला कठड्याचा चौथरा. इथे उभे राहून प्रार्थना चालवतात आणि तोरा वाचतात. चर्चमध्ये सगळ्यांचे लक्ष समोरच्या वेदीकडे असते. इथे वाचणारा माणसांच्या मध्ये उभा असतो. आपल्याकडे कीर्तनकार सभामंडपात मधोमध उभा राहतो, काहीसे तसेच. तिसरी गोष्ट हेखालापुढे तेवत राहणारा अखंड दिवा. नंदादीप म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. चौथी, स्त्रियांसाठी वरच्या मजल्यावरचा सज्जा. पुरुष खाली, बायका वर, अशी जुनी रीत आहे.

पाचवी गोष्ट दिशा. ज्यू जगात कुठेही असो, प्रार्थना करताना त्याचे तोंड यरुशलेमकडे असते. बर्लिन, लंडन, प्राग इथून यरुशलेम पूर्वेच्या बाजूला पडते, म्हणून युरोपातल्या सिनेगॉगमध्ये हेखाल पूर्वेला असतो. पुण्याहून यरुशलेम पश्चिमेला. म्हणून महाराष्ट्रातल्या सिनेगॉगमध्ये हेखाल पश्चिमेच्या भिंतीला. युरोपातल्या जुन्या चर्चचीही वेदी पूर्वेकडे ठेवण्याची प्रथा आहे. तेव्हा चर्चसारख्या कवचात बसवलेले हे सिनेगॉग आतून मात्र उलट दिशेला वळलेले आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती सांगतो. आपल्या मशिदीत नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढतात, कारण मक्का पश्चिमेला. आपली बहुतेक जुनी देवळे पूर्वाभिमुख. म्हणजे देव पूर्वेकडे पाहतो आणि त्याच्यापुढे हात जोडणारा भक्त पश्चिमेकडे. तिघांची कारणे अगदी वेगळी आहेत. त्यांतून धर्माच्या एकतेचा मोठा सिद्धांत काढायचे कारण नाही. पण मराठी मुलखात देवळात, मशिदीत आणि सिनेगॉगमध्ये उभा राहिलेला माणूस बहुधा एकाच दिशेला तोंड करून असतो, एवढे मात्र खरे.

मशीद आणि देऊळ

आता नावाकडे येऊ. मुंबईत ज्यूंचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधले गेले. ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर. ते कंपनीच्या मुंबई फौजेत देशी अंमलदार होते. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते कैद झाले. सुटका झाली तर देवाचे घर बांधीन, असा नवस त्यांनी केला आणि सुटल्यावर तो फेडला, अशी कथा त्यांच्या समाजात सांगतात. ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्या सिनेगॉगचे नाव. १८६० मध्ये ते आजच्या जागी आले. जवळच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट नाव आहे. या मंडळींच्या मराठी बोलीत आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ म्हणत. दिवेकरांचे सिनेगॉग ही ‘जुनी मशीद’ आणि १८४० साली झालेले दुसरे ‘नवी मशीद’. मध्य रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचे नाव याच जुन्या मशिदीवरून पडले, असे सांगण्यात येते.

म्हणजे एकाच धर्माच्या प्रार्थनास्थळाला मुंबईत मशीद म्हटले गेले आणि पुण्यात देऊळ. याला अज्ञान म्हणून हसणे बरोबर नाही. मूर्ती नाही, पश्चिमेकडे तोंड आहे, पुरुष डोके झाकून बसतात, तर ती मशीद, असा मुंबईचा हिशेब. पुण्याच्या लोकांनी तेवढेही पाहिले नाही. देवाचे घर आहे ना, मग देऊळ. लोकांची भाषा नवख्या वस्तूला आपल्या घरातल्या शब्दाने हाक मारते आणि तिला आपल्या ओळीत बसवते. जर्मनीत सिनेगॉगच्या घुमटाकडे बोट दाखवून ‘हे परके आहेत, पाहा’ असे म्हणणारे निघाले. पुण्यात विलायती मनोऱ्याखालच्या बगदादी प्रार्थनास्थळाला लोक देऊळ म्हणाले. या एका शब्दाचे मोल मला फार वाटते.

दोन समाजांमधली भिंत

पण या कथेत सगळेच गोड नाही. बगदादी ज्यू यायच्या कितीतरी शतके आधीपासून कोकणात ज्यू राहत होते. ते बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असे ते सांगतात. कोकणातून आलेल्या चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते आहेत आणि या साम्याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. त्या चित्पावनांची कुलस्वामिनी योगेश्वरी आमच्या अंबाजोगाईची. किनाऱ्याच्या कथा घाट चढून अशा आत येत असतात.

बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडलेली: दिवेकर, केहिमकर, पेणकर, चेऊलकर. बोली मराठी, बायकांचे नेसणे लुगडे. प्रेषित एलियाहूच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करायचा, ही त्यांची खास रीत. सणांना मराठी नावे: नव्याचा सण, बिरड्याचा सण. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची ‘हागादा’ ही पोथी हिब्रू आणि मराठीत शिळाछापाने निघाली. तिच्या चित्रात बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका मराठमोळ्या वेषात आहेत. म्हणजे ओहेल डेव्हिड सुरू होऊन सातच वर्षे झाली होती, तेव्हा त्याच शहरात मराठी ज्यू आपले धर्मग्रंथ मराठीत छापीत होते.

धर्म एक, प्रार्थनेची भाषा एक, तरी बगदाद्यांनी या मंडळींना जवळ केले नाही. त्यांचा धर्माचार शुद्ध नाही, वंशाची खात्री नाही, असे आक्षेप घेतले. १८३६ साली तर मुंबईतल्या बगदादी पुढाऱ्यांनी ज्यू दफनभूमीत दोन समाजांच्या मध्ये भिंत घालून द्यावी, असा अर्ज सरकारकडे केला. मेल्यावरही शेजार नको, असा त्याचा अर्थ. आपल्या मराठी माणसाला हे वाचून धक्का बसू नये. गावाबाहेरच्या स्मशानांची वाटणी आपल्याला नवी नाही.

पुण्यातही पुढे दोन सिनेगॉग झाले. लष्करात ओहेल डेव्हिड आणि रास्ता पेठेत बेने इस्राएलांचे ‘सुक्काथ शेलोमो’, १९२१ सालचे. शेलोमो म्हणजे सॉलोमन राजा, डेव्हिडचा मुलगा. सुक्का म्हणजे पानापाल्याचा मांडव. लष्करात बापाचा तंबू आणि पेठेत मुलाचा मांडव. पेठेतल्या मांडवाला नव्वद फुटांचा मनोरा नाही, विलायती घड्याळ नाही. साधी वास्तू, शेजारपाजाराच्या घरांत मिसळून गेलेली. तिला कुणाच्या नजरेत भरायचे नव्हते.

दहा माणसे

ज्यू धर्मात सार्वजनिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. याला ‘मिन्यान’ म्हणतात. दहा नसतील तर तोराचे सार्वजनिक वाचन होत नाही, मृतासाठी म्हणायचा ‘कद्दिश’ म्हणता येत नाही. सिनेगॉगला मनोरा नसला तरी चालते, ही दहा माणसे नसली तर चालत नाही.

ससून घराणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच विलायतेकडे सरकू लागले होते. डेव्हिड ससून यांचे थोरले चिरंजीव अब्दुल्ला हे अल्बर्ट झाले, लंडनला गेले, सरदारकी मिळवली. पहिल्या महायुद्धावर कविता लिहिणारा इंग्रजी कवी सिगफ्रीड ससून हा डेव्हिड ससून यांचा पणतू. चार पिढ्यांत अरबी जाऊन इंग्रजी आली. १९४७-४८ नंतर उरलेले बगदादी ज्यू इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि इस्राएलला गेले. बेने इस्राएल तेव्हा वीस हजारांच्या आसपास होते. तेही इस्राएलकडे निघाले. त्यांना कुणी हाकलले नव्हते. नव्या देशाची ओढ होती आणि इंग्रजांच्या वेळच्या रेल्वे, टपाल, कस्टममधल्या नोकऱ्यांची जुनी शाश्वती राहिली नव्हती. तिकडेही त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका काढली गेली. १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू आहेत असे जाहीर केले, तेव्हा तो वाद निवला.

बर्लिनचे नवे सिनेगॉग ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री पेटवण्यात आले. एका पोलीस अधिकाऱ्याने कर्तव्य बजावून आग विझवायला लावली म्हणून ते त्या रात्री वाचले. पुढे बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले. ओप्लरने जर्मन शैलीत बांधलेले हानोवरचे सिनेगॉग त्याच रात्री जळून गेले. आम्ही तुमच्यातलेच आहोत, हे दगडात कोरून सांगूनही उपयोग झाला नाही. पुण्यातल्या ओहेल डेव्हिडला कुणी आग लावली नाही. इथे वास्तू शाबूत राहिली आणि माणसे कमी झाली.

जी माणसे उरली, त्यांत आज बहुतेक बेने इस्राएल आहेत. ज्यांच्या थडग्यांशेजारी बगदाद्यांना आपली थडगी नको होती, त्यांच्यामुळे बगदाद्यांच्या या मोठ्या वास्तूत अजून दिवा लागतो आणि हिब्रू प्रार्थना ऐकू येते. मुंबईतल्या भायखळ्याच्या मागेन डेव्हिडची आणि काळा घोड्याच्या केनेसेथ एलियाहूची स्थितीही याहून वेगळी नाही. ही दोन्ही ससून घराण्याचीच बांधकामे. भिंत मागणारे निघून गेले आणि भिंतीपलीकडच्यांनी त्यांचे देवघर सांभाळले. याला काव्यात्म न्याय म्हणण्याचा मोह होतो, पण बेने इस्राएलांनी तसे काही म्हटलेले नाही. दहावा माणूस हवा असतो तेव्हा तो गेला, इतकेच.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. २००८ च्या मुंबई हल्ल्यात ज्यूंच्या नरिमन हाऊसवर अतिरेकी चालून गेले, तेव्हापासून लाल देवळाच्या फाटकावर पोलीस असतो आणि आत जायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. आपण बाहेरून मनोरा पाहतो आणि पुढे जातो.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचे पुण्याला जाणे बहुधा ससूनमध्ये कुणाला तरी भेटण्यासाठी असते. डबा पोचवला, औषधे आणून दिली, की दुपारभर वेळ हाताशी उरतो. लाल देऊळ तिथून फार लांब नाही. ज्याच्या नावाच्या दवाखान्यात आपले माणूस पडलेले आहे, तो माणूस त्या आवारात मातीत आहे. फाटकाबाहेर दोन मिनिटे थांबून पाहिले तरी पुरे आहे. रस्ता विचारताना मात्र सिनेगॉग म्हणू नये. रिक्षावाल्याला लाल देऊळ म्हटले की कळते.